घोंगड्यांच्या लॉरीतून सांगलीला

मुंबईहून कुणी पाहुणा आला की चहाचा कप हातात घेऊन हमखास विचारतो, "तिकडे करमतं का हो तुम्हाला?" आमच्याच खोलीत बसून तो 'तिकडे' म्हणतो याचं मला हसू येतं. करमतं, असं मी सांगते. पण तेवढ्यानं त्याचं समाधान होत नाही. गिरगावात जन्म काढलेली माणसं एकाएकी उठून सांगलीला कशी गेली, ते त्याला नीट ऐकायचं असतं. एवढं सगळं चहाच्या एका कपात मावत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

लढाई संपली, पण मुंबईतली महागाई संपली नाही. आमच्या चाळीला नवा मालक आला आणि त्याला जुने भाडेकरू नकोसे झाले. दुसरी खोली बघावी तर पागडीचे आकडे ऐकूनच माणूस जिन्यावरून खाली यायचा. यांचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. हात फार चांगला, अक्षर असं की वाचणाऱ्यानं दुकानात शिरावं. पण ठाकुरद्वारच्या ज्या बोळात हे पाट्या रंगवत, त्या बोळाचंही भाडं मागू लागले तेव्हा आम्ही हात टेकले. साताऱ्याला यांचा चित्रकलेच्या वर्गातला एक मित्र होता. त्यानं तिथं एक माडी बघून ठेवली, मालकाशी बोलून ठेवलं. ठरलं.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. मूलबाळ आम्हाला नाही. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर फणसवाडीत आणि सासर गिरगावात. समुद्राच्या वाऱ्याखेरीज दुसरा वारा त्यांना ठाऊक नव्हता, आणि ताटात मासळी नसलेला दिवस म्हणजे उपासाचा दिवस.  जायचं ठरल्यावर त्यांनी सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा आणि सुक्या बोंबलांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरला आणि त्याचं झाकण कापडानं बांधून घेतलं.

सामान न्यायचं कसं, हा प्रश्न ग्यानबानं सोडवला. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर माणदेशातली पाचसहा माणसं एका खोलीत राहत. कुणी गोदीत, कुणी गिरणीत. ग्यानबा खरात हा त्यांच्यापैकी एकाचा भाचा. फौजेत ड्रायव्हर होता, मिसरापर्यंत, म्हणजे इजिप्तपर्यंत, जाऊन आलेला. परत आल्यावर एका व्यापाऱ्याची लॉरी चालवू लागला. मुंबईला माल टाकून तो रिकामा परत चालला होता, आणि सातारा त्याच्या वाटेवर होता. "टाका की समदं," तो म्हणाला. "कपाट टाका, पलंग टाका. आईस्नी म्होरं बसवू."

खोलीची किल्ली मालकाच्या हातात पडली तेव्हा एवढं मात्र पक्कं झालं, की आता मागे फिरणं नाही. गेलेली खोली मुंबईत पुन्हा मिळत नाही.

सातारा

घाटांचं वर्णन करत नाही. घाटभर माझे डोळे मिटलेलेच होते.

साताऱ्यात शिरलो तेव्हा ऊन नुकतं पेठांत उतरत होतं. डोक्यावर अजिंक्यतारा. गिरगावात मान वर केली की समोरच्या चाळीचे कठडे आणि त्यावर वाळणारी लुगडी दिसायची. इथं एकदम डोंगर. हवा इतकी गार आणि स्वच्छ की हे लॉरीच्या मागून उतरले ते छाती भरून श्वास घेतच. मित्र वाट बघत उभा होता. त्यानं आधी कंदी पेढे हातावर ठेवले आणि मग माडी दाखवली. दोन खोल्या, मागे सज्जा, सज्ज्यातून डोंगर. मी मनात चुलीची जागासुद्धा ठरवून टाकली.

मालक पेन्शनर गृहस्थ होते. उपरणं, कपाळाला गंध, बोलणं अतिशय मऊ. त्यांनी आम्हाला बसायला पाट दिले, चहा दिला. यांच्या धंद्याची चौकशी केली, अक्षराची तारीफ ऐकून मान डोलावली. मग घसा साफ करून विचारलं, "एक विचारायचं राहिलं. आपल्यात... ओलंसुकं काही?"

हे गडबडले. "तसं काही फारसं नाही. म्हणजे इकडे आल्यावर तर—"

"खातो," आई भिंतीकडून म्हणाल्या. "ओलंही खातो आणि सुकंही खातो."

मालकांनी डोळे मिटले. माणूस वाईट नव्हता. पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, की माझं काही नाही हो, पण खाली देवघर आहे, सोवळंओवळं आहे, बायकांचं मन मोडवत नाही. आम्हाला दारापर्यंत पोचवायलाही आला. मित्र बिचारा खाली मान घालून उभा होता.

बाहेर ग्यानबा दोर सोडत होता. आमचे चेहरे बघून त्याचे हात थांबले. "सामान उतरू का नगं?"

"नको," हे म्हणाले.

त्यानं सोडलेला दोर पुन्हा आवळला. मला आईंचा असा राग आला होता, की तोंड उघडलं तर काय बोलेन याची भीती वाटली. हे म्हणत होते, धर्मशाळेत उतरू, दुसरी जागा शोधू. ग्यानबा म्हणाला, "साहेब, मी म्हसवडाला जानार. तितनं घोंगड्या भरून सांगलीला. सांगली मोठं गाव हाय, बाजार हाय. पाट्या रंगवायला दुकानं बी पायजेत का नगं? हितं बसून काय करता?"

हे विचार करत असतानाच आई लॉरीत चढून आपल्या जागी बसल्यादेखील.

कोरेगाव गेलं तरी मी त्यांच्याशी बोलले नाही. मध्ये मी आणि बाजूला त्या, खांद्याला खांदा लागलेला, आणि दोघी समोरच्या काचेतून रस्ता बघतोय. शेवटी त्याच म्हणाल्या, "खोटं बोलून घरात शिरलं असतं, तर रोज फोडणी घालताना भ्यावं लागलं असतं गं, सुशी."

मी म्हटलं, "आणि आता चूल कुठं मांडायची?"



माणदेश

पुसेगाव सुटलं आणि झाडं विरळ झाली. मग बाभळी, मग तीही मोजकी. दोन्ही बाजूंना माळ, उघड्या टेकड्या आणि वर एवढं मोठं आभाळ की मला आपण फारच लहान झाल्यासारखं वाटलं. ग्यानबा मात्र गाव जवळ येईल तसा खुलत गेला. "मिसरात आसाच माळ बघितला," तो म्हणाला. "तवा कॅम्पातली समदी पोरं रडायची. मी म्हनलं, मला तर घरला आल्यावानी वाटतंय गड्या!"

दहिवडीच्या पुढं लॉरी खालून कडाडली आणि एका अंगाला बसली. स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ग्यानबानं खाली वाकून बघितलं आणि शांतपणे जाहीर केलं, "आता दोन दीस आमच्याकडं पावनचार." आपल्या वस्तीपर्यंत त्यानं ती लॉरी बैलाच्या चालीनं नेली.

म्हसवडच्या अलीकडे माळावरच त्यांची वस्ती होती. दगडमातीची तीन घरं, मेंढरांसाठी काट्यांचं कुंपण, आणि कुंपण रिकामं. घरात ग्यानबाची बायको हौसा आणि त्याचे वडील म्हाकूबाबा, दोघंच. हौसानं आमच्या पायांवर पाणी घातलं. ते पाणी कुठून येतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तिच्याबरोबर माणगंगेवर गेले. नदी म्हणून वाळूचा एक लांबच लांब पट्टा होता. हौसानं वाळूत हात हात खोल उकरलं, तळाला पाणी झिरपू लागलं, ते ती करवंटीनं घागरीत भरू लागली. घागर भरायला अर्धी सकाळ गेली. आमच्या चाळीत नळ जायच्या वेळेला बायका बादल्यांनी भांडत. इथं दोन घागरी भरताना हौसा मला मुंबईच्या ट्रामविषयी विचारत होती, आणि तिला मुळीच घाई नव्हती. घरी आल्यावर मी हे आईंना सांगितलं. त्या दिवशी आईंनी एका तांब्यात हातपाय धुऊन घेतले आणि अंघोळीचं नाव काढलं नाही.

जेवायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची गरम पेज, थंडीत प्यावी अशी. हे तीन वाट्या प्यायले. शेळीच्या दुधाचा चहा मला काही जमला नाही, पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण हौसा समोर बसून मी पिते का ते बघत होती.

संध्याकाळी आईंनी डब्याचं कापड सोडलं. कांद्यावर मूठभर सोडे परतले. वास वस्तीभर गेला. म्हाकूबाबा काठी टेकत चुलीपाशी आले. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढरा पटका, अंगावर काळी घोंगडी, डोळे मात्र लखलखीत. तव्यात वाकून बघत त्यांनी विचारलं, "हे किडं कसलं म्हनायचं?"

"समुद्रातले आहेत. खाऊन बघा."

त्यांनी एक सोडा भाकरीवर घेतला, बराच वेळ चावला. "जरा चामड्यावानी हाय," ते म्हणाले, "पर लय ग्वाड." आणि ताट पुढं केलं.

मग बोलणं समुद्रावर आलं. म्हाकूबाबांनी विचारलं, "म्हंजी राजेवाडीच्या तळ्याएवढा आसंल?"

"तुमच्या तळ्याला पलीकडचा काठ दिसतो ना?" आई म्हणाल्या. "समुद्राला दिसत नाही."

 म्हाकूबाबा काळजीच्या सुरात म्हणाले, "मंग मेंढरू पल्याड गेलं तर मागारी आनायचं कसं?"

आई हसल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मुंबई सोडल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. माझ्या मनातला राग नेमका तिथं कुठंतरी निघून गेला असावा. नंतर शोधला तर सापडला नाही.

कुंपण रिकामं का, हे मी हौसाला विचारलं. दिवाळी झाली की इथली मेंढरं कृष्णाकाठाला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. बायकापोरं, कोंबड्या, भांडी, सगळं घोड्यावर लादून माणसं बरोबर जातात. जिथं मुक्काम पडतो त्या जागेला ही माणसं वाडा म्हणतात. भिंत नाही, छप्पर नाही, तरी वाडा. ग्यानबाचा थोरला भाऊ आणि भावजय मेंढरं घेऊन कुंडलच्या शिवारात होती. म्हाकूबाबा दरसाल जायचे. औंदा गुडघे धरले म्हणून लेकानं त्यांना मागं ठेवलं होतं.

"साठ वर्सं चाललो," म्हाकूबाबा मला म्हणाले. "आन् औंदा हितं बसलोय. घरात."

'घरात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा आपण 'आजारी' म्हणतो.

लॉरी दुरुस्त झाली. म्हसवडात सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, यांनी देवळाबाहेर उभ्या उभ्या मला गावातल्या पाट्यांच्या अक्षरातल्या चुका दाखवल्या, आणि घोंगड्यांच्या थप्प्या लॉरीत चढल्या. चिंचोक्याची खळ दिलेल्या नव्या घोंगडीला एक आंबूस वास असतो. तो आमच्या गाद्यांना पुढे महिनाभर येत होता. निघायच्या वेळी बघतो तर म्हाकूबाबा घोंगड्यांच्या ढिगावर जाऊन बसलेले.

"बाबा, उतरा," ग्यानबा म्हणाला.

"सांगलीच्या वाटंवर कुंडल हाय का न्हाई?"

"हाय. पर दादा मला फाडून खाईल."

"मला न्हाई खायाचा. तू गाडी हाक."

ग्यानबानं आमच्याकडे बघितलं. आई त्याला म्हणाल्या, "अरे, आम्हाला नेतोस, त्यांनाच का नाही?" आणि आपली शाल काढून वर बसलेल्या म्हाकूबाबांकडे यांच्या हाती पाठवली.

कुंडल

खानापूर, विटा मागं पडलं आणि माळ संपला. हिरवं शिवार दिसू लागलं, उसाची पानं वाऱ्यावर सळसळत होती, आणि हवेला गुळाचा वास येऊ लागला. एकाच दिवसात वाळूतल्या पाण्यापासून पाटाच्या पाण्यापर्यंत आलो, यावर माझा विश्वास बसेना.

वाडा गावाबाहेर एका कापलेल्या रानात पडला होता. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, आणि त्याबदली धनगराला धान्य देतात. रानात पाचसातशे तरी मेंढरं असतील. लॉरी बांधाला थांबली, म्हाकूबाबा ग्यानबाच्या खांद्यावरून खाली उतरले आणि काठी टेकत निघाले. कुत्री भुंकत धावली, मग भुंकायची थांबली आणि शेपट्या हलवू लागली. म्हाकूबाबांनी जिभेनं एक विचित्र आवाज काढला. रानाच्या कडेची मेंढरं वर बघू लागली. मग एकेक करत वळली आणि त्यांच्याकडे यायला लागली. थोड्याच वेळात ते कमरेपर्यंत मेंढरांत बुडाले. वर फक्त काळी घोंगडी आणि पटका दिसत होता.

थोरला लेक धावत आला. "बाबा, कशापायी आलासा? रातच्याला हितं किती गारठा हाय! काय झालं बिलं तर मी काय करू?"

"काय हुतंय? आलो. आता न्हाई जायाचो मागारी."

लेक ग्यानबावर खवळला, ग्यानबा खाली बघत उभा राहिला. तेवढ्यात भावजय पुढं झाली. तिच्या कडेवर एक कोकरू होतं. ते तिनं म्हाकूबाबांच्या हातात दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घोड्यावर बसतील." विषय संपला.

आई बांधावर उभ्या होत्या. मी जवळ गेले तर त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना ओळखणारं इथं कुणीतरी आहे गं. मला कोण ओळखणार आहे सांगलीत?"

 मला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

ते रान गावातल्या एका सुभेदारांचं होतं. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, ऊसवाले, पल्लेदार मिशा. लॉरी बघून ते गुऱ्हाळावरून तिकडेच आले आणि आम्हाला आग्रह करून घेऊन गेले. काहिलीत रस रटरटत होता. केळीच्या पानाच्या तुकड्यावर त्यांनी आम्हाला कोवळा गूळ दिला. तोंडात घातला की विरघळणारा, आणि बोटं भाजणारा. मुंबईत आम्ही रेशनच्या दुकानासमोर रांगा लावून आणलेली साखर किती जपून वापरत होतो ते आठवलं, आणि यांनी दुसऱ्यांदा पान पुढं केलं तेव्हा मी डोळ्यांनी दटावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

आमचं सामान घेऊन आम्ही कुठं चाललो, हे सुभेदारांनी विचारलं. हे अवघडले. पण आईंनी साताऱ्याची सगळी हकीकत सांगून टाकली, ओल्यासुक्यासकट. सुभेदार मांडीवर थाप मारून हसले. "आवं आई, फौजेत बेडूक सोडून समदं खाल्लंय मी!"

 मग ते मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांना दोन मुली होत्या, इंदू आणि शालन. सांगलीच्या गावभागात त्यांचं छोटं घर होतं. खाली हळदीचं कोठार आणि वर खोल्या. थोरली इंदू आपल्या मावशीबरोबर तिथं राहून शाळेत जायची. दिवाळीत मावशीचे यजमान पुण्याला बदलून गेले आणि तेव्हापासून इंदू घरी बसली होती. गावात जो तो म्हणत होता, की आता उजवून टाका.

"पोरगी हुशार हाय," सुभेदार म्हणाले. "आन् धाकटीला बी घालायची हाय. पर कुनाच्या भरवशावर ठिवू? घरात वडील मानूस पायजे. जरब पायजे, आन् माया बी पायजे." हे सगळं ते आमच्याशी बोलत नव्हते. आईंशी बोलत होते. "साताऱ्यात तुमी जे बोललासा, ते आयकून म्हनतोय मी. तुमी त्या घरात ऱ्हावा, पोरी तुमच्यापाशी ठिवतो."

हे पटकन हो म्हणणार, तेवढ्यात आईंनी हात वर केला.  आधी मुलींना बोलवायला सांगितलं. इंदू चौदा वर्षांची, अंगानं उंच, नजर सरळ. शालन दहा-अकराची, ती बहिणीच्या मागं.

"तुला शिकायचं आहे?" आईंनी इंदूला विचारलं.

"व्हय."

"वडील म्हणतात म्हणून?"

इंदूनं वडिलांकडे बघितलं नाही. "न्हाई. मलाच पायजे."

आईंनी शालनला काहीच विचारलं नाही. सुभेदारांकडे वळून म्हणाल्या, "मुलींना घरात खोटं बोलायला लागणार नाही, आणि त्यांनी माझ्याशी खोटं बोलायचं नाही. चालेल?"

"आडर!" सुभेदार म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी टाचा जुळवल्या.

रात्रीच्या जेवणात मटण होतं. त्याच्या तिखटानं माझ्या कानातून वाफा निघाल्या. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पानात काही टाकलं नाही.

सांगली

हळदीच्या कोठारावर राहायचं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आठवड्यात आमची पांढरी भांडी, यांचे सदरे, माझी नखं, सगळं पिवळसर झालं. हळदीचा वास आता आम्हाला जाणवत नाही. मुंबईचा पाहुणा शिंकला की आठवतं.

सांगली सपाट आहे, संथ आहे आणि बोलकी आहे. मुंबईत दुकानदार पाटी कधी मिळेल एवढंच विचारायचा. इथल्या पहिल्या गिऱ्हाइकानं, एका गुळाच्या अडत्यानं, यांना गादीवर बसवून तीन वेळा चहा पाजला. आपल्या आजोबांची सगळी कथा सांगितली, आणि पाटीवर काय लिहायचं हे विचारल्यावर म्हणाला, "उद्या या, घाई काय आहे?" हे वैतागून परत आले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पाटी ठरली, आणि ती लागल्यावर त्याच पेठेतल्या आणखी चौघांनी यांना चहाला बोलावलं. आता हेही कुणी घाई केली की त्याच्याकडे नवलानं बघतात.

दारात म्हैस आणून दूध काढून देतात. गणपतीच्या देवळात मनासारखं उभं राहता येतं, मागून कुणी ढकलत नाही. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर गेलं की पलीकडच्या काठावर मळीची, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीची, हिरवी शेतं दिसतात. हरिपूरच्या रस्त्यावर झाडांची सावली इतकी दाट आहे की भर उन्हातही चालावंसं वाटतं. दोन खोल्यांत एक खिडकी नदीकडे आहे. हे सगळं खरं आहे, आणि मी पाहुण्यांना तेवढंच सांगते.

आईंचं मात्र मला काही कळत नव्हतं. त्या पहाटे उठत, विहिरीवर अंघोळ करत, शेजारणींशी बोलत. ट्रंकेतली लुगडी त्यांनी कपाटात लावली. नदीतली मासळी कुठं मिळते याचाही शोध लावला. कधी कुरकुर केली नाही. मी यांना म्हटलंसुद्धा, "बघा, आपणच उगीच घाबरत होतो. आई किती छान रमल्या."

मग सुभेदार मुलींना घेऊन आले. दोघींच्या ट्रंका, गुळाच्या ढेपा, जोंधळ्याचं पोतं. दोन तास बसले, जाताना मिशी सारखी करत भराभर जिना उतरले आणि मागं वळून बघितलं नाही. इंदू लगेच पुस्तकं घेऊन शेजारच्या मैत्रिणीकडे बुडालेला अभ्यास विचारायला गेली. शालन नदीकडच्या खिडकीत बसून राहिली.

दिवस मावळत होता. मी आत भाकरीचं पीठ मळत होते. बाहेरच्या खोलीतून बारीक हुंदका ऐकू आला. मी हात धुणार, तोच आईंची पावलं वाजली. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या असाव्यात. आता त्या तिची समजूत काढतील, गोष्ट सांगतील, असं मला वाटलं. 

पण शालननंच विचारलं, "आजी, तुमास्नी घर आठवतंय?"

"आठवतं."

"कवा?"

"रोज," आई म्हणाल्या. "सकाळी उठते तेव्हा वाटतं, ट्रामची घंटा का वाजली नाही. आणि मग कळतं."

"मंग तुमी रडता?"

"विहिरीवर रडते. तोंड धुताना. कुणाला कळत नाही."

माझे हात पिठातच राहिले. इतके दिवस मी त्याच विहिरीवर त्यांच्या शेजारी उभी राहून पाणी काढत होते.

शालन नाक ओढत म्हणाली, "आमच्याकडं आता गुऱ्हाळावर दिवा लावत्याल. आन् मनी मांजर माझ्या हातरुणात जाऊन निजंल."

"आमच्या गॅलरीत आता गजरेवाला आला असेल," आई म्हणाल्या. "खालून हाक मारतो. त्याचा आवाज चिरका आहे अगदी."

मी हात तसेच परातीवर झटकले आणि बाहेर गेले. आईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या उठतील, डोळे पुसतील, काहीतरी काम सांगतील. त्यांनी फक्त थोडं सरकून खिडकीत जागा केली. मी बसले. खाली नदीवर धुकं उतरत होतं. मला आमच्या जिन्याची तिसरी पायरी आठवली, ती मोडकी होती आणि अंधारातसुद्धा माझा पाय ती आपोआप टाळायचा. मी ते सांगितलं. शालनला त्याचं हसू आलं.

जिन्यावर यांच्या चपला वाजल्या. हे रंगानं माखलेले हात पुढं धरून दारात आले आणि अंधारात ठेचकाळले.

"अरे, दिवा का नाही लावला अजून? करताय काय तिघी?"

 शालननंच उत्तर दिलं.

"वाईच थांबा की, काका. आमी घर आठवतोय."

 यांनी चपला काढल्या आणि आमच्या शेजारी खाली बसले.